हिवतापाची लस : विलंब कोणामुळे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



२०२३ या एका वर्षात जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकी शेकडा ९५ मृत्यू आफ्रिकेत झाले आणि तेथे मरण पावलेल्या दर चार जणांत तीन जण पाच वर्षांखालील बालके होती. डास आणि हिवताप यांचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत सिद्ध केला. देवीचे निर्मूलन १९८० साली जाहीर झाले. मग हिवतापावरील पहिल्या लशीची शिफारस होण्यास ऑक्टोबर २०२१ का उजाडावा लागला? या प्रश्नाचे अर्धे उत्तर जीवशास्त्रात आहे आणि अर्धे अर्थकारणात. कार्यकर्त्याने ही दोन्ही कारणे वेगवेगळी ओळखली पाहिजेत. नाहीतर त्याच्या टीकेला धार राहात नाही.

प्रथम जीवशास्त्र. परोपजीवी हा विषाणूपेक्षा कितीतरी अधिक गुंतागुंतीचा जीव आहे. घातक हिवतापाच्या परोपजीवीत पाच हजारांहून अधिक जनुके असतात. डासाच्या लाळेतून तो रक्तात येतो, तेथून यकृतात दडतो आणि पुढे तांबड्या पेशींत शिरतो. प्रत्येक मुक्कामी त्याचे रूप पालटते. एका रूपाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे दुसऱ्या रूपापुढे निष्प्रभ ठरतात. म्हणूनच एकदा हिवताप होऊन गेलेल्या माणसाला तो पुन्हा होतो.

तथापि हे काम अशक्य नाही, याचा पुरावा प्रथम गुरांच्या गोठ्यात मिळाला. क्ष-किरणांनी दुर्बल केलेल्या अळ्या पाजून वासरांना फुप्फुसातील जंतांपासून वाचविणारी लस ग्लासगोच्या शास्त्रज्ञांनी तयार केली आणि ती १९५९ साली बाजारात आली. त्याच तत्त्वावर रूथ नुसेनझ्वाइग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली न्यूयॉर्क येथे उंदरांना हिवतापापासून संरक्षण देऊन दाखविले. पुढे गोचिडाच्या आतड्यातील एका प्रथिनापासून ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेने आणि क्यूबाने लशी तयार केल्या. लस टोचलेल्या गाईचे रक्त पिताच गोचिडाचेच आतडे निकामी होते, अशी ही युक्ती आहे.

भारतातही धवलक्रांतीबरोबर संकरित गाई आल्या आणि गोचीड तापाला त्या देशी गाईंपेक्षा अधिक बळी पडू लागल्या. या रोगावर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या हैदराबाद येथील कंपनीने लस काढली. मात्र ती द्रवरूप नत्रवायूतच साठवावी लागते. ज्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ही सोय नाही, तेथील अल्पभूधारकाच्या दृष्टीने ती लस असून नसल्यासारखी आहे.

आता अर्थकारण. मान्यता मिळालेली पहिली लस, आरटीएस-एस, हिच्यावरील काम १९८०च्या दशकात एका बहुराष्ट्रीय औषध कंपनीने अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेबरोबर सुरू केले. उष्ण प्रदेशांत जाणाऱ्या सैनिकाला संरक्षण हवे होते. आफ्रिकेतील बालक हे त्या बाजारातील ग्राहक नव्हते, कारण त्याच्या आईबापांजवळ क्रयशक्ती नव्हती. बालकांवरील प्रयोगांना गती आली ती पुढे धर्मादाय निधी मिळाल्यावर. सात आफ्रिकी देशांतील मोठ्या चाचणीत चार मात्रा घेतलेल्या लहान मुलांत चार वर्षांत हिवतापाचे प्रमाण सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. त्या चाचणीत मेंदूज्वरासंबंधी काही शंकाही निघाल्या होत्या. त्या दूर करण्यासाठी २०१९ पासून घाना, केनिया व मलावी येथे प्रत्यक्ष वापर करून पाहण्यात आला. हा विलंब अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु शिफारशीनंतर काय घडले? जुलै २०२३ मध्ये १२ देशांसाठी, २०२५ पर्यंतच्या काळाकरिता, अवघ्या १ कोटी ८० लाख मात्रा वाटून देण्यात आल्या. चार मात्रांच्या हिशेबाने ही तरतूद ४५ लाख मुलांची होते. लस मागणारे देश होते किमान २८. या टंचाईचे खापर परोपजीवीच्या माथी फोडता येणार नाही.

ही कोंडी फोडण्यात पुण्याचा वाटा आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेल्या आर२१ या लशीचे उत्पादन पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट करते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस झाली, तेव्हा एका मात्रेची किंमत २ ते ४ डॉलर सांगण्यात आली; पहिल्या लशीपेक्षा ही निम्म्याहून कमी. स्पर्धेने किंमत उतरली हे मान्य केले पाहिजे. पण त्या स्पर्धेचा पाया विद्यापीठांनी आणि सार्वजनिक पैशाने घातला, हेही विसरता कामा नये. शिवाय खरेदी आजही दात्यांच्या मर्जीवर अवलंबून आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेने 'गावी' या जागतिक लस-संघटनेचा निधी थांबविण्याची घोषणा केली. ज्या बालकाचे लसीकरण हा हक्क न राहता दान ठरते, त्याचे आयुष्य दूरच्या राजधानीतील निवडणुकीवर टांगलेले राहते.

लस म्हणजे सर्व काही, अशा भ्रमातही कोणी राहू नये. या दोन्ही लशी घातक हिवतापावर चालतात; भारतात सर्रास आढळणाऱ्या व्हायव्हॅक्स हिवतापावर नाही. भारताच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात त्या नाहीत. महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार गडचिरोलीतील आदिवासींवर आहे. तेथे आज माणूस वाचतो तो वेळेवर झालेल्या रक्ततपासणीने, औषधीयुक्त मच्छरदाणीने, फवारणीने आणि पावसाळ्यात तुटलेल्या पाड्यापर्यंत चालत जाणाऱ्या आशा कार्यकर्तीमुळे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. पावसाळ्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीचे साहित्य व औषधे पोहोचली की नाहीत, मच्छरदाण्या कोणत्या पाड्यांना मिळाल्या, आशांचे मानधन थकले आहे काय, पशुवैद्यकीय दवाखान्यात लस साठविण्याची सोय आहे काय, याची गावोगाव नोंद घ्यावी आणि ती ग्रामसभेत व जिल्हा परिषदेत मांडावी. सार्वजनिक पैशातून घडलेल्या संशोधनाला किंमत व पुरवठा यांच्या जाहीर अटी असाव्यात, ही मागणी त्याच नोंदींच्या आधारे विधिमंडळात आणि संसदेत नेता येईल.