परवलीच्या शब्दांची तिजोरी

किल्ले धारूरमध्ये किल्ल्यांचे महत्त्व मी काय सांगावे! तरीही ई-ग्रामस्वराजचा परवलीचा शब्द कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवलेला मी पाहिला आहे. गावचा निधी त्यामागे असतो.

असे शब्द सांभाळणारी आज्ञावली निवडताना तिजोरीची किल्ली केवळ आपल्याकडेच राहते ना, हे प्रथम पाहावे. २०२२ साली लास्टपासच्या ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरीस गेल्या. ज्यांचा मुख्य शब्द दुबळा, त्यांना धोका अधिक. बिटवॉर्डनची मूळ आज्ञावली कोणासही तपासता येते. कीपासची तिजोरी आपल्याच संगणकात राहते, मात्र तिची जादा प्रत आपणच जपावयाची. हे न जमल्यास कपाटातील कुलूपबंद वहीदेखील चालेल. सर्वत्र एकच शब्द नको.

मुख्य शब्द विसरल्यास कंपनीही तो सांगू शकत नाही. तो लिहून, पाकिटात बंद करून, घरच्या पेटीत ठेवावा.