विक्रेत्याची जिज्ञासा



वाणिज्य व व्यवस्थापन या शाखांतून बाहेर पडणाऱ्या आपणांपैकी पुष्कळांच्या वाट्यास प्रारंभी विक्रीचे काम येईल, आणि ज्याची जीभ चालते त्याचाच माल खपतो असा जो दृढ ग्रह या कामाविषयी आपल्या समाजात रूढ आहे, त्याचा प्रतिवाद करावा या हेतूने मी आज येथे उभा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर घडविला, तेव्हा पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. कारण लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते, असा शेतकऱ्यांचा उजूर होता. तो अडाणीपणा म्हणून निकालात काढणे सोपे आहे. मला मात्र त्यामागे अत्यंत रास्त भीती दिसते. नांगर फसला तर कारखानदाराचा एक नग परत येणार होता, कुणब्याचा सबंध हंगाम बुडणार होता. अशा माणसापुढे लोखंडाचे गुण कितीही रसाळपणे वर्णिले तरी ते व्यर्थ होत. जमीन काळी की मुरमाड, बैल किती, हरळी कुठवर माजली आहे, हे जो आस्थेने विचारील त्यालाच त्या बांधावर बसावयास जागा मिळते.

नील रॅकहॅम या ब्रिटिश संशोधकाने सहकाऱ्यांसह बारा वर्षांत सुमारे ३५,००० विक्रीभेटींचे निरीक्षण करून १९८८ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. मोठ्या सौद्यांत यशस्वी होणारे विक्रेते ग्राहकाच्या अडचणीचे पुढील परिणाम विचारीत, असे त्यांना आढळले. उलट ग्राहकाच्या धंद्याचा नुसता जुजबी तपशील विचारीत बसणाऱ्यास तो कंटाळे, आणि सौदा उरकण्याचा रेटा मोठ्या व्यवहारात घातकच ठरे.

ग्रंथाची ही साक्ष मोलाची खरी, परंतु तालुक्याच्या गावी मोटारपंपाच्या एका दुकानात मी जे ऐकले ते मला अधिक बोलके वाटते. एका वृद्ध शेतकऱ्याने पाच अश्वशक्तीच्या मोटारीचा भाव विचारला. दुकानदाराने भाव न सांगता विचारले, "अण्णा, सध्या कितीची आहे?"

"तीनची."

"मे महिन्यात तिनं विहिरीचा तळ किती वेळात लागतो?"

"दीड तासात."

"आणि पाणी पुन्हा भरायला?"

"रात्र जाते की."

"मग पाचची बसवून तळच लवकर दिसेल. खरी अडचण काय आहे?"

तेव्हा कुठे अण्णांनी सांगितले की, वरच्या तुकड्यातील उसाला पाणी जेमतेम पोचते. पाइपाचा व्यास, त्याची लांबी, मध्ये वळणे किती, ही सर्व चौकशी दुकानदाराने कागदावर रेखाटन करीत केली आणि अरुंद पाइपातच जोर खर्ची पडत असल्याचे दाखवून दिले. मोटार विकली गेली नाही. अधिक रुंद पाइप गेला. त्या विहिरीविषयी त्याला खरोखर कुतूहल होते, म्हणूनच हे प्रश्न त्याला सुचले. पाठ केलेल्या प्रश्नावलीने 'वरचा तुकडा' कधीच उजेडात आला नसता.

प्रश्नांचेही सोंग आणता येते, हे मी जाणतो. उत्तर आधीच ठरवून, ग्राहकाला पायरी-पायरीने त्याकडे ढकलीत नेणारे प्रश्न हे जिज्ञासेच्या वेषातील दडपणच होय, आणि अनुभवी ग्राहक ते क्षणात ओळखतो. ज्याचे उत्तर आपणांस ठाऊक नाही आणि जे उत्तर आपला बेत बदलू शकते, तोच प्रश्न खरा.

स्नातकहो, उद्या आपले वरिष्ठ मालाचे माहितीपत्रक आपल्या हाती देतील. ते अवश्य मुखोद्गत करा. परंतु ग्राहकाच्या दारी गेल्यावर ते काही काळ पिशवीतच राहू द्या, प्रथम त्याचा धंदा समजून घ्या, आणि आपला माल त्याच्या उपयोगाचा नाही असे दिसून आले, तर तसे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा.