तान्ह्या बाळाचें इसब आणि आईचें ताट

तान्ह्या बाळाच्या गालांवर लाल चट्टे उठले कीं घरांतील वडील माणसें प्रथम आईच्या ताटाकडे पाहतात. दूध बंद, अंडें बंद, शेंगदाणे बंद! आई अशक्त होते. इसब मात्र हटत नाहीं.

इसबाचें मूळ बहुधा त्वचेच्या दुबळेपणांत असतें. फुटलेल्या कातडींतून ओलावा बाहेर जातो आणि अन्नाचे सूक्ष्म कण आंत शिरून त्या अन्नाचें वावडें जडवूं शकतात. म्हणून प्रथम सांभाळावी ती त्वचा: कोमट पाण्याचें थोडा वेळ स्नान, अंग ओलसर असतांनाच सुवासरहित मलम, आणि डॉक्टर देतील तें औषध.

पथ्याचा अतिरेक उलटतोही. लंडन येथें तीव्र इसब किंवा अंड्याचें वावडें असलेल्या ६४० अर्भकांवर केलेला प्रयोग २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. आरंभींच्या त्वचा-तपासणींत निर्दोष ठरलेल्यांपैकीं, भुईमूग वर्ज्य केलेल्या शेंकडा सुमारें १४ मुलांना पांचव्या वर्षीं त्याचें वावडें आढळलें. नियमित खाणाऱ्यांत शेंकडा सुमारें २ च.

अर्थात् तीव्र इसब असल्यास डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा. अख्खा दाणा कधींही देऊं नये. खाल्ल्यावर लगेच गांधी, वारंवार उलटी वा धाप दिसल्यास रुग्णालय गांठावें. पण केवळ संशयावरून माउलीला उपाशी ठेवूं नये.