बत्ह्यातील कॅबिन आणि व्हॉट्सअ‍ॅपची कमाई

(बत्हा, रियाध येथील कौटुंबिक स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



विषयाला हात घालण्यापूर्वी आपल्यातील ज्येष्ठांना मी एक आठवण करून देतो. 1990च्या दशकात शुक्रवारी दुपारी याच बत्ह्यात टेलिफोनच्या कॅबिनबाहेर आपण रांगेत उभे राहत होतो. आत गेल्यावर बोलण्यापेक्षा मिनिटांकडेच लक्ष अधिक. आईची प्रकृती विचारून होते न होते तोच रियाल संपत. ज्यांना तेही परवडत नसे ते कोऱ्या कॅसेटवर आपला आवाज भरत आणि सुटीवर निघालेल्या गाववाल्याच्या हाती देत. हीच सोय 2013 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर आली आणि तिला आपण 'व्हॉइस मेसेज' म्हणू लागलो. गरज आपली होती, ती भागविण्याची युक्तीही आपल्याला सुचली होती. उद्योग मात्र दुसऱ्याने उभारला. भांडवल नव्हते, असे सांगून आपण मोकळे होतो. मला ते पूर्णपणे पटत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचे एक संस्थापक यान कूम 1992 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, आई व आजीसह युक्रेनमधून कॅलिफोर्नियात आले. आई लोकांची मुले सांभाळी, मुलगा किराणा दुकानात झाडलोट करी आणि घर सरकारी अन्नकुपनांवर चाले. पुढे कूम आणि त्यांचे सहकारी ब्रायन अ‍ॅक्टन यांनी याहू कंपनीत अनेक वर्षे नोकरी केली. म्हणजे तेही आपल्यासारखे पगारदारच होते. 2009 मध्ये व्हॉट्सअ‍ॅप सुरू झाले तेव्हा निरोप पाठविणे हा त्याचा हेतूच नव्हता. 'कामात आहे', 'बॅटरी संपत आली' अशी आपली अवस्था ओळखीच्यांना कळावी, एवढीच कल्पना होती. परंतु मित्रमंडळी त्या पाटीवरूनच एकमेकांशी बोलू लागली. कूम यांनी ते पाहिले आणि स्वतःच्या मूळ कल्पनेचा हट्ट सोडला. फेब्रुवारी 2014 मध्ये फेसबुकने ही कंपनी 19 अब्ज डॉलरला घेण्याचा करार केला, तेव्हा तिचे वापरकर्ते सुमारे 45 कोटी आणि कर्मचारी अवघे 55 होते. ज्या कार्यालयात कूम एके काळी अन्नकुपनांसाठी रांग लावत, त्याच्याच दारावर कागद टेकवून त्यांनी सही केली.

हा प्रसंग भाषणांतून फार रंगवून सांगितला जातो. मीही आत्ताच सांगितला. त्याच्या शेजारचा आकडा मात्र सहसा कोणी सांगत नाही. 2013 साली या कंपनीचे उत्पन्न सुमारे 1 कोटी डॉलर आणि तोटा सुमारे 13.8 कोटी डॉलर होता. मागे धनवान पाठीराखे होते म्हणून ती तगली. आपल्या सेवासमाप्तीच्या रकमेला असा तोटा एक दिवसही पेलणार नाही.

आपल्या भाषेजवळचे उदाहरण शेअरचॅटचे. आयआयटी कानपूरच्या तिघा तरुणांनी 2015 मध्ये ते उभारले. त्यापूर्वीचे त्यांचे अनेक प्रयत्न फसले होते. फेसबुकवर सचिन तेंडुलकरविषयीच्या एका चर्चेत हजारो माणसे व्हॉट्सअ‍ॅप गटात येण्यासाठी आपले फोन नंबर लिहून ठेवत आहेत, हे अंकुश सचदेव यांच्या नजरेस आले. त्यांतील काहींचे गट करून लोक काय बोलतात हे त्यांनी पाहिले. (अनोळखी माणसांचे नंबर असे उचलणे मला रुचत नाही, पण निरीक्षण अचूक होते.) नंतरचे अ‍ॅप मराठीसह भारतीय भाषांत आले, इंग्रजीला त्यात जागा नव्हती. 2022 मध्ये या कंपनीचे मूल्य सुमारे 5 अब्ज डॉलर धरले गेले. दोन वर्षांत ते 2 अब्जांच्या खाली आले. 2020 मध्ये आलेले 'कू' तर जुलै 2024 मध्ये बंदच पडले.

मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका परिचिताच्या अ‍ॅपमध्ये चार महिन्यांची बचत घातली. समाजातील सर्व कुटुंबांना ते जोडणार होते. अ‍ॅप तयारही झाले. परंतु नाव नोंदविण्यासाठी इंग्रजीत चौदा रकाने भरावे लागत. माझ्या आईने फोन बहिणीच्या हाती दिला आणि म्हणाली, "मला आपलं व्हॉट्सअ‍ॅपच लावून दे." पैसे घालण्यापूर्वी मी तिला एकदाही विचारले नव्हते.

गेल्या महिन्यात आपल्यातीलच एका तरुणाने मला विचारले, "काका, नोकरी सोडून सगळा पैसा अ‍ॅपमध्ये घालू का?" मी त्याला प्रथम येथील कायदा सांगितला. सौदी माणसाच्या नावाआड परक्याने धंदा करणे, ज्याला येथे 'तसत्तुर' म्हणतात, त्यासाठी 2020च्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाख रियालपर्यंत दंड आहे. गुंतवणूकदार म्हणून रीतसर नोंदणी नसेल, तर उद्योग गावीच, गावच्या माणसाच्या नावाने आणि नोंदणी करूनच करावा. मग विचारले, "गेल्या महिनाभरात तू घरी सर्वांत जास्त कशासाठी फोन केलास?" तो म्हणाला, "आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. दवाखान्यात तिच्यासोबत बसायला कोणी नव्हते."

अशी घरे या सभागृहात किती आहेत, हे मी हात वर करायला सांगून विचारणार नाही. त्याने नोकरी सोडलेली नाही. अ‍ॅपही केलेले नाही. येथील काही कुटुंबांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट केला आहे, आणि परभणीत त्याचा धाकटा भाऊ गटातील लोकांच्या आईवडिलांना दवाखान्यात नेतो, आणतो. परवा त्याने मला हिशेबाची वही दाखविली. खर्चाच्या बाजूला रिक्षा, चहा, केसपेपरची झेरॉक्स. जमेच्या बाजूला अजून दोनच घरांची नावे आहेत. त्यांतले एक माझे.