जुन्या रिव्हॉल्व्हरची रास्त किंमत



आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. परंतु मध्यंतरी आमच्या एका दिवंगत स्नेह्यांच्या पत्नी आमच्याकडे आल्या. यजमानांचे .३२ बोअरचे जुने वेब्ली रिव्हॉल्व्हर त्यांनी रीतसर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केले होते. एका गिऱ्हाइकाने ते भंगारात काढले, दुसऱ्याने ‘विलायती माल’ म्हणून भलतीच रक्कम सांगितली. खरे कोणाचे?

आमच्या मते दोघांचेही नव्हे. अशा किमतीत दोन मोले मिसळलेली असतात; एक लोखंडाचे, दुसरे दुर्मिळतेचे. ती वेगळी काढल्यावाचून न्याय होत नाही.

प्रथम लोखंड. हत्यार रिकामे असल्याची खात्री स्वतः करून घ्यावी. चाप पूर्ण दाबून धरला असता सिलिंडर घट्ट अडकला पाहिजे. तो डावीउजवीकडे डुलत असेल, तर काडतुसाचे घर व नळी एका रेषेत येण्याची शाश्वती नाही. गोळी कडेस घासते आणि शिशाच्या कपच्या बाहेर उडतात. वेब्ली मधोमध मोडून उघडते, म्हणून बिजागरी व कडी ढिली झाली आहे का, तेही पाहावे. मग नळीतून उजेडाकडे पाहावे. आतील पीळ स्वच्छ आहे, की गंजाने खड्डे पडले आहेत? बाहेरचा काळसर रंग चामडी म्यानात घासून गेला असल्यास फारसे बिघडत नाही. उलट नव्या झिलईवर भाळू नये; तिच्याखाली खड्डे दडलेले असू शकतात.

आता दुर्मिळता. १९८६ पासून सामान्य परवानाधारकास परदेशी शस्त्र आणणे जवळजवळ अशक्य झाले, आणि विलायती नावाला भाव चढला. हा भाव लोखंडाचा नव्हे, बंद दाराचा होय. पुढे २०२० साली उत्तर प्रदेशात संडीला येथे वेब्लीच्याच नावाचे .३२ रिव्हॉल्व्हर तयार होऊ लागले. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे तर आधीपासून होतेच. तेव्हा नव्या देशी .३२ ची किंमत हे माप धरावे, दोषांपोटी वजावट करावी, आणि नावापोटी थोडेच अधिक द्यावे.

येथे आणखी एक अडचण आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये घेणाऱ्याकडे परवाना हवा, आणि परवानाधारकाला आपले शस्त्र दुसऱ्यास विकावयाचे झाल्यास ४५ दिवस आधी अधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. गिऱ्हाइके मोजकी, आणि वारसाला घाई. विधवेची नड हीच मग दुसऱ्याची कमाई होते.

आम्ही जाणत्या कारागिराकडून ते हत्यार तपासविले. नळी उत्तम होती, सिलिंडर मात्र ढिला निघाला. दुरुस्तीचा खर्च वजा करून आम्ही मधली रक्कम सुचविली. बाईंनी विचारले, “दोष सांगितलाच पाहिजे का?” आम्ही म्हणालो, “वहिनी, खुर्चीचा दोष लपविला तर माणूस पडतो. याचा लपविला तर त्याचा हात जातो.”

त्यांनी दोष सांगितला. पहिल्याच गिऱ्हाइकाने ती रक्कम मान्य केली. दोष उघड सांगून जी ठरते, तीच रास्त किंमत, एवढेच आम्हांस सांगावयाचे होते.