पाय चेपताना

हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या खाटेशी बसण्याची पाळी आजकाल पुष्कळ घरांवर येते. छातीवर उभी जखम, हाताला सलाइनची नळी, मानेजवळ आणखी कसल्या नळ्या. या माणसाला हात लावायचा तरी कुठे, असा प्रश्न पडतो आणि नजर जाते ती पायांकडे. पाय चेपणे ही तर आपल्याकडची सेवेची जुनी रीत. आषाढीच्या वारीत दिवसभर चालून आलेल्या अनोळखी वारकऱ्याचे पाय तेल लावून चोळून देणारी माणसं वाटेवरच्या गावांत आजही भेटतात. मग आपल्याच माणसाच्या पायाला हात लावावा असं मनात आलं, तर त्यात नवल नाही. पण जरा थांबा. कोणत्या पायाला?

बायपास म्हणजे तुंबलेल्या धमनीला वळसा घालून रक्ताला नवी वाट करून देणे. पाटात दरड कोसळली की शेतकरी बाजूने चर खणून पाणी पुढे नेतो, तसंच हे. या नव्या वाटेसाठी शीर लागते, आणि ती बहुधा रोग्याच्याच पायातून काढतात. घोट्याच्या आतल्या अंगाने जांघेपर्यंत जाणारी लांब शीर. फावालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यवैद्याने १९६७ साली अमेरिकेत क्लीव्हलँड इथे ही रीत वापरली आणि पुढे ती जगभर रूढ झाली. आता छातीतली किंवा मनगटातली धमनीही घेतात, तरी पायाची शीर काही सुटलेली नाही. म्हणजे छाती दुखते म्हणून जो पाय आपण चेपायला घेणार, तोच कदाचित जखमी असतो! त्याला काही आठवडे सूज राहते. ती पाहून घरच्यांना वाटतं, चोळलं की उतरेल. तो पाय चोळू नका. तो उशीवर उंच ठेवायचा की मोजा चढवायचा, हे डॉक्टर सांगतील.

दुसऱ्या पायाचीही पोटरी सोडून द्या. पडून राहिलेल्या माणसाच्या पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. एक पोटरी अचानक जास्त सुजली, दुखू लागली, हाताला ऊन लागली, तर चेपणं बंद आणि डॉक्टरांना हाक.

आता तुम्ही म्हणाल, एवढी बंधनं असतील तर चेपायचंच कशाला? झोपेसाठी, आणि भीतीसाठी. अशा शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री फार लांब असतात. पाऊल हळू चोळलं की वेदना आणि घालमेल थोडी कमी होते, असं काही लहान लहान पाहण्यांतून दिसलं आहे. वेदनेच्या वाटेवर जणू एक दार असतं आणि स्पर्शाच्या संवेदना ते थोडं लोटून घेतात, अशी उपपत्ती मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडली. ठेच लागली की आपण अंगठा धरून चोळतो, ते उगीच नव्हे. याहून मोठा दावा मात्र करू नये. तळव्यावर हृदयाचा बिंदू दाखवणारे रंगीत तक्ते बाजारात मिळतात, पण शरीररचनेत त्या बिंदूचा पत्ता नाही. काशाच्या वाटीने तळवा काळा होतो तो धातू आणि तूप यांच्या घासण्याने. आतली उष्णता बाहेर पडली म्हणून नव्हे. वाटी एरवी सुखाची खरी, पण या दिवसांत नको. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात, जोराने रगडलं की काळंनिळं पडतं.

तेव्हा डॉक्टरांना विचारून, चांगला पाय घ्या. आधी पाऊल दोन्ही तळहातांत नुसतं धरून ठेवा. मग अंगठ्याने टाचेकडून बोटांकडे, सावकाश. दहा मिनिटं पुरे. मधुमेह असेल तर तळवे नीट पाहा. बधिर पायाला जखम कळत नाही आणि कढत तेलही कळत नाही.

अडचण खरी येते ती निराळीच. रोगी बाई असली आणि चेपणारा नवरा असला, की ती पाय आखडून घेते. नवऱ्याने आपल्या पायाला हात लावायचा म्हणजे तिला पाप वाटतं. आयुष्यभर सासूचे, नवऱ्याचे, मुलांचे पाय चेपले. आपले कुणी चेपावेत हे तिच्या हिशेबातच नसतं. तिच्याशी वाद घालू नका आणि पाय ओढूही नका. डॉक्टरांना विचारलेलंच आहे, तर "डॉक्टर हो म्हणालेत" एवढं सांगा. तरीही नकोच म्हणाली, तर लेकीला बसवा. पहिल्या दिवशी ती संकोचेल. दुसऱ्या दिवशी पाय आपणहून पुढे आला, तर मुकाट्याने चेपू लागा.

तेल लावलंत, तर तिला उठवण्याआधी तळवे फडक्याने कोरडे पुसा. छातीचं हाड सांधायला दोनतीन महिने लागतात, तोवर हातांवर जोर देता येत नाही. न्हाणीघरात पाय घसरला, तर तिला स्वतःला सावरता येणार नाही.