सिग्नलला इंजिन बंद का होत नाही?

सिग्नलला गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होण्याची सोय आता अनेक गाड्यांत असते. पण कधी कधी इंजिन चालूच राहतं. दर वेळी तो बिघाड नसतो. इंजिन पुन्हा सुरू करण्याइतका चार्ज बॅटरीत नसेल, तर यंत्रणा ते बंदच करत नाही. इंजिन पुरेसं तापलेलं नसेल, भर उन्हात एसी जोरात चालू असेल किंवा सीटबेल्ट लावलेला नसेल, तरीही तेच. मॅन्युअल गाडीत गिअर न्यूट्रलला आणून क्लचवरचा पाय काढावा लागतो. लांबच्या फेरीनंतरही इंजिन थांबत नसेल, तर बॅटरी तपासून घ्या. बदलायची वेळ आलीच, तर साधी नको. कंपनीने सांगितलेली ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच बसवा.